विमान आणि वॉशर

यंत्रांचा इतिहास सांगताना लोकांची दृष्टी बहुधा मोठ्या गोष्टींकडे जाते. विमानाची कथा निघाली की पंखांचा आकार, इंजिनाची शक्ती आणि वैमानिकाचे धैर्य ह्यांचे वर्णन होते. परंतु ह्या सर्वांना एकत्र बांधून ठेवणारे जे नट आणि बोल्ट, त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. वस्तुतः विमान म्हणजे असंख्य लहान भागांची जुळणी होय. आणि त्यांतला एखादा महत्त्वाचा नट आकाशात असताना सैल झाला, तर रस्त्यावरच्या मोटारीप्रमाणे विमान कडेला उभे करता येत नाही. म्हणूनच आवळलेला नट आवळलेलाच कसा राहील, हा प्रश्न विमानविद्येच्या जन्मापासून तिच्या सोबतीने चालत आला आहे. त्या प्रश्नाला कारागिरांनी दिलेले एक अत्यंत लोकप्रिय उत्तर म्हणजे स्प्रिंग वॉशर. हे उत्तर विमानाच्या बाबतीत अपुरे आहे, हे ठरायला मात्र पुष्कळ काळ जावा लागला.

सायकलच्या दुकानात, पिठाच्या गिरणीत किंवा विहिरीवरच्या पंपावर हा वॉशर पुष्कळांनी पाहिलेला असेल. कारागीर त्याला 'वायसर' म्हणतात. पोलादाचे एक जाडसर कडे, एके ठिकाणी तोडलेले, आणि तोडलेली दोन टोके एकमेकांपासून थोडी वरखाली झालेली, असे त्याचे रूप असते. नटाखाली घालून पान्याने आवळले की ते कडे सपाट होते. ह्यामागची कल्पना दुहेरी आहे. दाबलेली स्प्रिंग नटाला सतत वर रेटीत राहील व त्यामुळे आटे एकमेकांना धरून बसतील, ही एक. आणि तोडलेल्या टोकांच्या धारदार कडा नटात व खालच्या धातूत रुतून नटाला उलट फिरू देणार नाहीत, ही दुसरी. कल्पना इतकी सोपी आणि डोळ्यांना पटणारी आहे, की तिची कसून परीक्षा घ्यावी असे दीर्घकाळ फारसे कोणाला वाटले नाही.

मळसूत्राचे ज्ञान मानवाला फार प्राचीन काळापासून आहे. परंतु एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टावर बसावा, ही सोय अलीकडची. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ ह्याने १८४१ साली सर्वांसाठी एकरूप आट्यांची पद्धत मांडली. तीत आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स ह्याने १८६४ साली ६० अंशांच्या कोनाची पद्धत पुढे आणली. ह्यानंतर नट-बोल्टांचा प्रसार झपाट्याने झाला, आणि त्याबरोबरच त्यांचा एक दुर्गुणही जगाला जाणवू लागला. स्थिर वस्तूत वर्षानुवर्षे न हलणारा नट, हादरे बसणाऱ्या वस्तूत मात्र आपोआप फिरू लागतो. हा अनुभव प्रथम मोठ्या प्रमाणावर आला तो आगगाडीच्या रुळांवर. दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटीचे पेटंट विल्यम ब्रिजेस ॲडम्स ह्याने १८४७ साली घेतले. त्या पट्ट्या बोल्टांनी आवळलेल्या असत, आणि प्रत्येक चाक सांध्यावरून जाताना त्या बोल्टांना धक्का देत असे. सैल झालेले नट पुन्हा आवळण्यासाठी खांद्यावर लांब पाना घेऊन रुळांच्या कडेने चालणारा गँगमन भारतातल्या प्रवाशांनाही परिचित आहे. त्याचे काम हलके व्हावे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळांच्या बोल्टांखाली स्प्रिंग वॉशर घालू लागले. तेथून तो घोडागाडीत, शेतीच्या अवजारांत आणि पुढे मोटारीत आला. विमान जन्मले तेव्हा तो कारखान्याकारखान्यांतून रुळलेला होता.

पहिले विमान कोणा मोठ्या कारखान्यात तयार झाले नाही. अमेरिकेतील डेटन गावी सायकली विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या विल्बर आणि ऑर्व्हिल राइट ह्या दोघा भावांनी ते स्वतःच्या हातांनी बांधले. आज ज्याला 'घरी बांधलेले विमान' म्हणतात, त्या जातीचे ते आद्य विमान होय. आपोआप सैल होणाऱ्या आट्यांशी ह्या भावांची गाठ त्याआधीच पडलेली होती. सायकलचे पाय मारीत असताना एका बाजूचे पेडल हळूहळू उकलत जाते. ह्यावर उपाय म्हणून एका पेडलाला उजवे व दुसऱ्याला डावे आटे असावेत, अशी योजना असलेल्या पेडलाची जाहिरात राइट बंधूंनी १९०० साली केली होती. डाव्या पेडलाचे आटे उलटे असण्याची ही रीत आजही प्रत्येक सायकलीत आढळते. फिरणारा भाग ज्या दिशेने नट उकलू पाहतो, ती दिशाच आवळण्याची करून टाकायची, असे हे चातुर्य होते.

तरीसुद्धा विमानाने त्यांना नवा धडा दिला. १९०३ च्या शरद ऋतूत किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांपाशी त्यांनी विमानाची जुळणी केली. चार सिलिंडरांचे, सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन त्यांचा सहकारी चार्ल्स टेलर ह्याने दुकानातच घडविले होते. त्या इंजिनाची गती साखळ्यांच्या द्वारे दोन पंख्यांना मिळत असे, म्हणजे सायकलचीच पद्धत येथेही वापरलेली होती. ५ नोव्हेंबर रोजी इंजिन सुरू केले, तेव्हा ते विषम गतीने धडधडू लागले आणि त्या हिसक्यांनी पंख्यांचे दांडे निकामी झाले. दांडे दुरुस्तीसाठी डेटनला पाठविण्यात आले, ते २० नोव्हेंबरला परत आले. आता साखळीची दातेरी चक्रे दांड्यांवर घट्ट राहीनात. कितीही जोराने आवळले तरी इंजिन थोडे चालले की ती सैल होत. शेवटी दोघा भावांना आठवण झाली ती सायकलच्या चाकावर टायर चिकटविण्याच्या टणक सिमेंटाची. दांडे व चक्रे तापवून त्यांनी ते सिमेंट आट्यांत वितळविले, आणि चक्रे पुन्हा बसविली. त्यानंतर ती हलली नाहीत. पुढे एका दांड्याला तडा गेला, ऑर्व्हिलला नवे पोलादी दांडे आणण्यासाठी डेटनला जावे लागले, आणि अखेर १७ डिसेंबर १९०३ रोजी ते विमान प्रथम १२ सेकंदांत १२० फूट, व चौथ्या खेपेस ५९ सेकंदांत ८५२ फूट उडाले. ज्या दिवसाचे जग इतके कौतुक करते, त्याच्या आधी चारच आठवडे हा सारा उद्योग एका सैल सांध्यापाशी अडून पडला होता, आणि तेथून तो सुटला तो सायकलच्या दुकानातल्या चिकट पदार्थामुळे.

राइट बंधूंनंतर विमाने कारखान्यांत होऊ लागली, तथापि घरी विमान बांधण्याची हौस मावळली नाही. ब्राझीलचा सांतोस-द्यूमाँ ह्याने बांबूचा सांगाडा असलेले 'देम्वाझेल' नावाचे चिमुकले विमान बनविले, आणि त्याचे पेटंट न घेता त्याची रचना सर्वांना मोकळी करून दिली. १९१० साली एका लोकप्रिय अमेरिकन यंत्रविषयक मासिकाने त्याचे आराखडे छापले. पुढे मिनेसोटातील चेरी ग्रोव्ह ह्या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल ह्याने फोर्ड मोटारीचे इंजिन बसवून लाकडी विमान तयार केले, आणि त्याचेही आराखडे १९३० नंतरच्या काळात हौशी लोकांच्या हाती पडले. फ्रान्सचा आंरी मिन्ये ह्याच्या 'पू-द्यू-स्येल' ह्या विमानाने युरोपभर हीच लाट उसळविली. १९५३ साली पॉल पोबरेझ्नी ह्याने मिलवॉकी येथे अशा हौशी विमानकर्त्यांची संघटना स्थापन केली, ती पुढे जगभर पसरली. भारतातही हे वेड अगदीच अपरिचित नाही. मुंबईच्या कांदिवली उपनगरात कॅप्टन अमोल यादव ह्यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईत भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणी झाली.

घरी विमान बांधणारा मनुष्य बहुधा मोटारी, मोटारसायकली किंवा शेतीची यंत्रे दुरुस्त करीत हात तयार करून आलेला असतो. त्याच्या पत्र्याच्या डब्यात नाना मापांचे बोल्ट व मूठभर स्प्रिंग वॉशर असतातच. मोटारीत जे चालले ते विमानातही चालेल, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. येथेच त्याने थांबून विचार करावा लागतो, आणि तो विचार करण्यासाठी बोल्ट मुळात घट्ट कशामुळे राहतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

मळसूत्र म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतार होय. नट आवळणे म्हणजे त्या उतारावर ओझे चढविणे. पान्याने लावलेल्या जोराचे दहा भाग कल्पिले, तर त्यांतले सुमारे पाच भाग नटाच्या तळाशी होणाऱ्या घर्षणात आणि चार भाग आट्यांच्या घर्षणात खर्ची पडतात. बोल्टाला ताणण्याच्या कामी उरतो तो जेमतेम एक भाग. परंतु हा एक भागच सर्वांत मोलाचा असतो. त्याच्यामुळे बोल्ट अगदी सूक्ष्म प्रमाणात लांबतो आणि पोलादी स्प्रिंगप्रमाणे दोन्ही भागांना एकमेकांवर दाबून धरतो. म्हणजे खरी स्प्रिंग स्वतः बोल्टच असते. तिचा ताण नटाखालच्या वॉशराच्या जोरापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. नट पुरता आवळला जाण्याच्या फार आधीच स्प्रिंग वॉशर सपाट होऊन बसतो, आणि त्यानंतर तो साध्या चकतीहून वेगळा उरत नाही. बोल्टाचा बहुतेक ताण निघून गेल्यावर वॉशराची स्प्रिंग पुन्हा उचल खाते. पण तोवर सांधा निकामी झालेला असतो.

धारदार टोके रुततात, हा दुसरा दावा. खालचा धातू किंवा नट वॉशराइतकाच कठीण असला तर टोके रुतत नाहीत. ॲल्युमिनियमसारखा मऊ धातू असला तर ती रुततात खरी, परंतु त्यावरचा संरक्षक थर खरवडून टाकतात आणि तेथूनच गंज सुरू होतो. तो ओरखडा टाळण्यासाठी खाली साधी चकती घालावी, तर वॉशर त्या चकतीत रुतेल आणि चकती वॉशरासह निसटून फिरेल. अशा रीतीने एक उणीव झाकावी तो दुसरी उघडी पडते.

मग हादऱ्यांनी नट फिरतो तरी कसा? ह्याचा उलगडा गेऱ्हार्ड युंकर ह्या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी झाला. उतरत्या फळीवर एक जड पेटी ठेवली, तर घर्षणामुळे ती जागच्या जागी राहते. पण तीच पेटी कोणी आडवी ढकलली, तर आडवी सरकता सरकता ती थोडी खालीही घसरते. कारण घर्षणाचा सारा जोर त्या आडव्या हालचालीला विरोध करण्यात गुंतलेला असतो. बोल्टाच्या आट्यांचेही असेच होते. बोल्टाने दाबलेले दोन पत्रे एकमेकांवर आडवे सरकू लागले, की प्रत्येक हिसक्याला नट उतारावरून किंचित खाली घसरतो, म्हणजेच उकलतो. बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा ह्या आडव्या हालचालीच अधिक घातक ठरतात, हे युंकरने दाखवून दिले. बोल्टाने आवळलेली पट्टी आडवी हलवीत राहून प्रत्येक फेरीत ताण किती उतरला, हे मोजणारे त्याचे यंत्र पुढे ह्या विषयातली कसोटीच होऊन बसले. त्या कसोटीवर स्प्रिंग वॉशर फार लवकर हरला. काही चाचण्यांत तर वॉशर मुळीच नसलेल्या बोल्टापेक्षाही तो लवकर सैल झाला. अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेने १९९० साली बोल्टांविषयीची एक पुस्तिका काढली. अशा प्रकारचा वॉशर नट रोखून धरण्याच्या कामी निरुपयोगी आहे, असा स्पष्ट अभिप्राय तीत दिलेला आहे.

विमानविद्येतील व्यवहार मात्र ह्या प्रयोगांसाठी थांबून राहिला नव्हता. अनुभवाने तिने एक तत्त्व आधीच स्वीकारले होते. बोल्ट घट्ट राहणे ही एक गोष्ट आहे, आणि तो सैल झालाच तर नट निघून न पडणे ही दुसरी. ह्या दोहोंची व्यवस्था वेगवेगळी करावी, हे ते तत्त्व होय. पहिल्या महायुद्धातील लाकडी विमानांत ताण देणाऱ्या तारांचे फिरकी-सांधे बारीक तारेने बांधून ठेवीत. किल्ल्याच्या तटाप्रमाणे खाचा असलेला 'कॅसल नट', आणि त्या खाचेतून व बोल्टाच्या छिद्रातून आरपार घालून टोके वाकविलेली दुपाखी पिन, ही जोडी आजही विमानाच्या नियंत्रणदांड्यांवर दिसते. इंजिनाच्या व पंख्याच्या बोल्टांची डोकी भोके पाडून तारेने अशा बेताने जोडतात, की एक बोल्ट उकलू लागला तर तार दुसऱ्याला आवळण्याच्या दिशेने ओढते. काही नटांत आतून तंतुमय पदार्थाचे किंवा नायलॉनचे कडे बसविलेले असते. ते आट्यांना गच्च पकडते. मात्र सुमारे १२१ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्णता असेल तेथे, किंवा बोल्ट स्वतः फिरत असेल तेथे, हे नट वर्ज्य मानले जातात. राइट बंधूंच्या सिमेंटाचाही एक वंशज आहे. हार्टफर्डच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील प्राध्यापक व्हर्नन क्रीबल ह्यांनी १९५३ साली असा एक द्रव तयार केला, की जो हवेत पातळ राहतो आणि आट्यांमध्ये हवा न मिळाली की घट्ट होतो.

स्प्रिंग वॉशराला विमानातून पूर्ण हद्दपारी मात्र झालेली नाही. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने १९९८ साली दुरुस्तीच्या मान्य पद्धतींचे जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात कॅसल नट किंवा स्वयंबंध नट जेथे बसत नाही अशा स्क्रूंखाली त्याला जागा दिली आहे. परंतु विमानाच्या मुख्य किंवा दुय्यम सांगाड्यात, वारंवार उघडावे लागते तेथे, आणि गंजण्याचा संभव असेल तेथे त्याचा उपयोग करू नये, असे बजावले आहे. म्हणजे निखळला तरी प्राण धोक्यात येणार नाहीत, अशाच ठिकाणी त्याला ठेवावे.

हा सावधपणा अतिरेकी नाही, हे दोन घटनांवरून दिसून येईल. १६ फेब्रुवारी २००० रोजी कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथून निघालेले एक मालवाहू डीसी-८ विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि त्यातील तिघेही विमानसेवक मृत्यू पावले. शेपटाकडील नियंत्रणाचा एक दांडा ज्या बोल्टाने जोडलेला असतो, तो बोल्ट नीट सुरक्षित केलेला व तपासलेला नव्हता. त्यामुळे तो दांडा सुटला, असे चौकशीत निष्पन्न झाले. दुसरी घटना २० ऑगस्ट २००७ ची. ओकिनावा बेटावरील नाहा विमानतळावर तैपेईहून आलेले बोइंग ७३७ विमान उतरून थांबताच पेटले. पंखातील एक नट सैल होऊ नये म्हणून त्या विमानावर काही आठवड्यांपूर्वीच काम झाले होते, आणि त्या कामात एक वॉशर निसटला तो कोणाच्या ध्यानात आला नाही. नट मोठ्या छिद्रातून निघून जाऊ नये, एवढेच त्या वॉशराचे काम होते. तो नसल्यामुळे बोल्ट सुटला, पंखातील इंधनाच्या टाकीत घुसला, आणि गळलेल्या इंधनाने पेट घेतला. सुदैवाने विमानातील १६५ जण वेळीच बाहेर पडले. नट घट्ट करण्याची काळजी घेणाऱ्यांच्या हातूनच हे घडले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तथापि वॉशरात स्प्रिंगचा गुण असावा, ही कल्पनाच खोटी होती असे मात्र म्हणता येणार नाही. घरी बांधलेल्या पुष्कळ विमानांना लाकडी पंखा असतो. लाकूड पावसाळी हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. ते आकसले की बोल्टाचा ताण कमी होतो. म्हणून ऋतू बदलला की ह्या बोल्टांचा ताण पुन्हा तपासावा लागतो. ह्या ठिकाणी काही जाणते विमानकर्ते एका वेगळ्या वॉशराचा उपयोग करतात. फ्रान्सच्या बेलव्हिल ह्याने १८६७ साली पेटंट घेतलेला हा वॉशर उथळ बशीसारखा असतो. त्याचा जोर मोठा असतो, आणि असे अनेक वॉशर एकावर एक रचून लाकडाच्या आकुंचनाबरोबर मागे हटणारा, तरीही ताण टिकवून धरणारा आधार तयार करता येतो. येथे स्प्रिंगचा जोर बोल्टाच्या ताणाशी मेळ घालून मोजलेला असतो. तोडलेल्या कड्याच्या बाबतीत ह्या मापाचाच अभाव होता.

कारखान्यातील विमान एक जण बांधतो आणि दुसरा तपासतो. घरी बांधलेल्या विमानात बांधणारा, तपासणारा आणि उडविणारा हा बहुधा एकच मनुष्य असतो. अमेरिकेत तर आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखलाही अशा बांधणाऱ्याला मिळू शकतो. आपल्या हाताने आवळलेल्या नटावर आपला विश्वास बसणे साहजिक आहे. म्हणून अशा मनुष्याला डोळ्यांनी पारख होईल अशाच खुणांची गरज अधिक असते. पिनेची वाकविलेली टोके दिसतात. तारेचा पीळ दिसतो. नट आवळल्यावर त्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवण्याची पद्धत आहे; नट तिळभर फिरला तरी ती रेघ मोडते. आवळलेला स्प्रिंग वॉशर मात्र पुरेसा ताण असतानाही सपाट दिसतो आणि बराचसा ताण गेल्यावरही सपाटच दिसतो. उड्डाणापूर्वी हातात दिवा घेऊन विमानाभोवती फेरी मारणाऱ्या मनुष्याला त्याच्याकडून काहीच कळत नाही. आणि त्या दिवशी विमानात बसायचे असते ते त्यालाच, कदाचित त्याच्या मुलाबाळांसह.